गोदाकाठचं कुत्रं

जन्मापासून पैठणात राहतोय, त्यामुळे गावाचे फोटो काढणं म्हणजे काय मोठं, असं वाटलं होतं. दोन रविवारांत नाथांचं समाधी मंदिर, नागघाट, मागावरची पैठणी, जायकवाडीवरचा सूर्यास्त, सगळं उरकलं. घरी लॅपटॉपवर बघितलं तर किराणा दुकानाचं कॅलेंडर!

मग ठरवलं, हाताशी 'गाथासप्तशती' धरायची. हाल सातवाहनानं महाराष्ट्री प्राकृतात जमवलेल्या 700 गाथा. आपली गोदा त्यांत 'गोला' होऊन येते. सातवाहनांची राजधानी इथलीच, पण गाथांत गजबज आहे ती शेतांची, सुनांची, वाटसरूंची. आणि त्यातल्या बाया सरळ काही सांगतील तर शपथ. फुलं तोडायला येणाऱ्या धार्मिकाला एक म्हणते, खुशाल फिर बाबा, ते कुत्रं मेलं; गोदाकाठच्या जाळीतल्या सिंहानं मारलं. म्हणजे इकडं फिरकू नकोस, ती माझी भेटायची जागा आहे! नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ध्वनी, म्हणजे कवितेत न बोलता सुचवलेला अर्थ, समजावताना हीच गाथा घेतली.

वहीत दहा गाथा उतरवल्या आणि पहिली हीच धरली. जाळी सापडली, फक्त आता ती वेड्या बाभळीची. वहिनींना नऊवारी नेसवून तिथं उभं केलं. अर्ध्या तासानं त्या वैतागल्या, "भाऊजी, मी इथं उभी राहून करायलेय तरी काय?" मला उत्तर देता आलं नाही. फोटोही तसेच आले, नाटकाच्या जाहिरातीसारखे.

त्यानंतर माणूस चौकटीबाहेर ठेवायचं ठरवलं. पंधरा-वीस पहाटा घाटावर गेल्या. उजेड इतका कमी की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, 3200 वर न्यावा लागायचा, आणि हात हलू नये म्हणून कोपर पायरीवर टेकवून बसायचो. दगड गार. एका पहाटे एक म्हातारे प्लास्टिकच्या पिशवीत बिट्टीची फुलं घेऊन आले, पायरीवर झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून गेले. ते चौकटीबाहेर जाईपर्यंत मी थांबलो. उरल्या ओल्या पायऱ्या, पिशवीतून पडलेली दोन पिवळी फुलं, आणि एक कान टवकारून बाभळीकडं बघणारं कुत्रं. जाळी चौकटीत घेतलीच नाही. वाढवलेल्या आयएसओमुळं फोटोला दाणे आलेत, ते तसेच ठेवले.

वहिनींना दाखवला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "हे कुत्रं कुणाकडं बघायलंय?"

मी सांगितलं नाही.