गाडी वळायला जागा दाखवा

आमच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत. नववी-दहावीसाठी 9 किलोमीटरवरचं हायस्कूल, तेही जिल्हा परिषदेचंच. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कुलं बहुतेक संस्थांची असतात म्हणे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात झेडपीची हायस्कुलं अजून चालू आहेत, आणि रोजमजुरी करणाऱ्याच्या लेकरांना तीच परवडतात.

माझी मोठी पोरगी आठवीनंतर घरी बसली. "गाडी नाही, तर का करतं?" असं मी तेव्हा म्हणालो होतो. धाकटी आठवीतून पुढं जायची वेळ आली तेव्हा तेच वाक्य पुन्हा तोंडून निघालं. मोठी कापसाच्या वाती वळत बसली होती. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं.

गाडी नव्हती असंही नाही. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी एसटीला निळ्या गाड्या दिलेल्या आहेत. खेड्यातल्या पोरींना पासही फुकट. ती निळी गाडी आमच्या फाट्यावरून जायची. फाट्यापासून गाव 3 किलोमीटर आत, दोन्ही बाजूंनी कापूस आणि तुरीची वावरं. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो. रानडुकरं तर रोजची. 2018 साली राळेगाव-पांढरकवड्याकडं नरभक्षक ठरवलेली टी-1 वाघीण मारली गेली, पण तिच्या गोष्टी आमच्याकडं अजून सांगतात. तेव्हापासून तुरीतून पोरगी एकटी पाठवायला कोणी तयार होत नाही.

मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. हा मान म्हणजे सह्या करायच्या आणि आलेल्या साहेबाला चहा पाजायचा. त्या जोरावर जुलैत आगारात गेलो. तिथं खिडकीवरच उत्तर मिळालं, "गाड्या कमी हायेत, काका." परत आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बाकड्यावर बसलेला एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "तोंडानं काय सांगून राहिले? कागद द्या, आवकचा शिक्का घ्या, पोच खिशात ठेवा."

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. अर्ज मोठीनं लिहिला.

कागद तीन लागले: ग्रामसभेचा ठराव, हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचं पत्र आणि रस्ता जड वाहनाला चालतो असा बांधकाम उपविभागाचा दाखला. ठरावाचं 15 ऑगस्टला ठरवलं. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे कमीत कमी हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. झेंड्यानंतर जिलेबी खाऊन लोक पांगले, सभा तहकूब. तहकूब सभेला कोरमची अट नसते, म्हणून आठ दिवसांनी तीसेक लोकांत ठराव झाला. त्यात बायाच जास्त होत्या.

मुख्याध्यापकांच्या पत्रात मात्र आम्ही फसलो. सरांनी लिहिलं, "सदर गावातून 22 विद्यार्थी येतात." आगारानं ते परत केलं. गाडी मुलींसाठी, तर मुलींची वर्गवार यादी पाहिजे, आणि शाळा भरण्या-सुटण्याची वेळ पाहिजे. वेळ हीच खरी गोष्ट, कारण तिच्यावरच गाडीची फेरी बसते. शनिवारी शाळा सकाळची असते, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. ते पुढं भोवलं.

दुसरं पत्र घ्यायला गेलो तेव्हा सरांनी सहज विचारलं, "मोठी काय करते?" घरीच असते म्हणालो. ते म्हणाले, "मग 17 नंबर भरा ना तिचा. 14 वर्षं पूर्ण झाली आणि पाचवी पास असली की बाहेरून दहावीला बसता येते." मला हे माहीतच नव्हतं. अध्यक्ष असूनही नव्हतं.

ऑक्टोबरात वाहतूक निरीक्षक मोटारसायकलवर मार्ग पाहायला आले. नाल्यावरचा रपटा पाहिला, बाभळीच्या फांद्या तोडायला सांगितल्या. गावात आल्यावर मारोतीच्या पारासमोर उभे राहून म्हणाले, "गाडी जवळपास 11 मीटर लांब. लेकराबाळांच्या गर्दीत मागं घ्यायची नाही, एका दमात वळली पाहिजे. वळायला जागा दाखवा."

जागा होती, पण तिच्या एका अंगाला कुटाराचे ढीग आणि दुसऱ्या अंगाला एका बुढ्याचा उकिरडा.

कुटार दोन दिवसांत हललं. बुढा हलेना. "माह्या आजाच्या काळापासून हाय इथं. गाडीपायी म्या खात कुठं टाकू?" सरपंच बोलले, ग्रामसेवकानं नोटिशीचं नाव काढलं, त्यानं बुढा जास्तच घट्ट बसला. शेवटी शेजारणी एकत्र आल्या. त्यांनी विचारलं, तुमचं शेणखत वावराच्या धुऱ्यावर नेऊन टाकलं तर? भाडं न देता? बुढ्यानं विचार करायला एक रात्र घेतली. मग गावातल्या दोन ट्रॅक्टरांनी सहा ट्रॉल्या वाहिल्या. डिझेलची वर्गणी झाली. बुढ्याचा फायदा झाला हे सगळ्यांना दिसत होतं, पण कोणी बोललं नाही. जागेवर मुरूम टाकला, दाबून घेतला.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर निळी गाडी गावात आली. बायांनी बोनटला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. ड्रायव्हरनं स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि गाडी पाराला न घासता वळली. एवढ्यावर टाळ्या पडतील असं त्यालाही वाटलं नसावं, कारण तो लाजला. चौदा पोरी चढल्या. त्यातल्या दोघींनी जूनमध्येच शाळा सोडली होती, त्यांची नावं सरांनी पटावरून कमी केली नव्हती.

पहिल्याच शनिवारी पोरी संध्याकाळपर्यंत हायस्कूलच्या ओट्यावर बसून राहिल्या. शाळा सकाळीच सुटली, गाडी आली संध्याकाळच्या वेळेला. नवा अर्ज केला. त्याची पोच खिशात आहे, उत्तर यायचं आहे. पोरं तर अजून सायकलनंच जातात.

मोठीचा 17 नंबर मुदतीत भरला. त्याचं संपर्क केंद्र तेच हायस्कूल. एका सोमवारी पुस्तकं घेऊन तीही पारासमोर उभी राहिली. कंडक्टरनं पास मागितला.

"पास नाही जी. 17 नंबर हाय."

तो गोंधळला, मागच्या पोरी हसल्या. मग त्यानं मशीनमधून बायांचं अर्धं तिकीट काढून दिलं आणि घंटी ओढली.