येणारच होतो

बुधवार, रात्री उशिरा

"आम्ही रविवारी येणारच होतो," असे मुलाच्या आई फोनवर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तुटकपणाही नव्हता. तरी दुपारपासून त्या वाक्यातला एवढासा "च" माझ्या कानातून हलायला तयार नाही. "येणार होतो" म्हणाल्या असत्या, तर मी आत्ता शांतपणे झोपलेली असते.

धाकटीला पाहून ते लोक गेले, तेव्हा आम्ही तिघांनी प्रार्थना केली होती आणि आता प्रभूच्या वेळेची वाट पाहायची, असे मीच सर्वांना बजावले होते. नऊ दिवस मी थांबले. आज दहाव्या दिवशी, हे बाहेर गेलेले पाहून, मी फोन केला. फोन करण्यापूर्वी दोन मिनिटे प्रार्थनाही केली. पण खरे सांगायचे तर तीत मी देवाची परवानगी मागितली नाही, त्याला कळवले एवढेच.

संध्याकाळी बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाचा तेरावा अध्याय काढून बसले. इस्राएलाचा पहिला राजा शौल, त्याची मला नेहमीच कीव येत आली आहे. शमुवेल संदेष्टा येऊन अर्पण करीपर्यंत त्याने थांबायचे होते. गिलगाल येथे तो शमुवेलाने ठरवून दिलेले सात दिवस थांबला होता, हे आपण त्याला दोष देताना सोयीस्करपणे विसरतो. समोर मिखमाशास शत्रू पलिष्टी जमलेले, आपली माणसे गुहांत आणि खडकांच्या कपारींत लपू लागलेली, निवडलेल्या तीन हजारांपैकी शेवटी जेमतेम सहाशे उरलेले, आणि शमुवेलाचा पत्ता नाही. शेवटी त्याने स्वतःच होमार्पण केले, आणि ते संपते न संपते तोच शमुवेल समोर हजर! (शमुवेलानेही थोडी घाई करायला काय हरकत होती, असे माझ्या मनात आजही आले.) शौलाने सांगितलेले प्रत्येक कारण खरे होते. माझीही कारणे खरीच होती: मुलीचे वय, शेजारणींचे प्रश्न, थोरलीच्या वेळी झालेले ते सगळे. पण त्याने जे उरकले, ते युद्धाचे काम नव्हते, अर्पण होते. घाईला त्याने भक्तीचे वस्त्र नेसवले. माझी ती दोन मिनिटांची प्रार्थना आठवून इथे मला पुढे वाचवेना.

सारेचेही तसेच. देवाने मुलाचे वचन दिले होते, तरी वाट न पाहता तिने आपली दासी हागार हिला नवऱ्यापुढे, अब्रामापुढे केले. हागारेच्या इश्माएलाच्या जन्मी अब्राम ८६ वर्षांचा होता, आणि सारेचा, वचनाचा इसहाक झाला तो त्याच्या शंभराव्या वर्षी. चौदा वर्षे! मला दहावा दिवस निघाला नाही.

दुपारभर मी स्वतःची फार कणव केली. आईच्या जिवाची घालमेल कुणाला कळत नाही, वगैरे. मग धाकटीने चहा आणून दिला आणि म्हणाली, "आई, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे नवरीची आईच बाशिंग बांधून बसली आहे." हसू आवरले नाही. त्या घाईपायी शौलाचे तर राज्य गेले; माझे काय, विहीणबाईंसमोरचा थोडा रुबाब, तोही अजून मिळायचाच होता.

ह्यांना अजून सांगितलेले नाही.

रविवारची भक्ती सुटल्यावर ती मंडळी किती वाजता येणार, हे विचारायचे राहूनच गेले, आणि आता मी विचारणार नाही. रवा मात्र आजच आणून ठेवला आहे.