दुसरा क्लॅम्प

ओटीत माझी जागा टेबलापासून दोन हात मागे, हार्ट-लंग मशीनशेजारी. मी परफ्युजनिस्ट. सर्जन हृदय उघडतात तेव्हा पेशंटचं रक्त माझ्या पंपातून फिरतं, आणि तेवढा वेळ थांबवलेलं हृदय जपायचं कामही माझ्याकडे असतं.

त्या दिवशी टेबलावर जत तालुक्यातली पस्तिशीची बाई होती. लहानपणी सांधे सुजून ताप आला, तो अंगावर काढला, आणि त्यात हृदयाच्या डाव्या बाजूची माइट्रल झडप आक्रसली. झडप बदलायची होती, आमचं नेहमीचं ऑपरेशन. महाधमनीला क्लॅम्प, म्हणजे चिमटा, लागला, हृदयाच्या स्नायूला जाणारं रक्त थांबलं. मी हृदय थांबवणारं चार अंशाचं डेल निडो द्रावण सोडलं आणि मिनिटभरात ईसीजीची रेघ सपाट झाली. यातलं पोटॅशियम हृदय थांबवतं. मॅग्नेशियम, मॅनिटॉल, लिडोकेन यांचा उपयोग बराचसा नंतर, रक्त परत येतं तेव्हा होतो.

झडप बसली. 78 मिनिटांनी क्लॅम्प निघाला, एका शॉकमध्ये ठोके लागले. मी पंप उतरवायला घेतला आणि भूलतज्ज्ञ मॅडम इकोच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "सर, झडपेच्या कडेनं गळतंय." सर दोन मिनिटं पडद्यापाशी उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "परत बायपासवर घे. परत क्लॅम्प." म्हणजे हृदयाचं काम पुन्हा पूर्ण माझ्या मशीनवर.

माझ्या पोटात गोळा आला. नुकतंच रक्त मिळू लागलेल्या स्नायूला पुन्हा उपाशी ठेवायचं होतं. उपासमारीनं पेशी मरतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण रक्त परतण्याच्या त्या पहिल्या मिनिटांत वेगळी इजा होते, ती बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. प्राणवायू एकदम आला की पेशीत घातक मुक्त कण तयार होतात, कॅल्शियम आत लोटतं, तंतू आखडतात आणि सुटत नाहीत. आखडून दगडासारख्या घट्ट झालेल्या हृदयाला अमेरिकन हृदयशल्यविशारद डेंटन कूली यांनी 1972 मध्ये 'स्टोन हार्ट' म्हटलं होतं. तो शब्द त्या दिवशी माझ्या डोक्यातून जाईना.

डेल निडोचा दुसरा डोस निम्मा दिला. पोटॅशियम वाढलेलं होतं, रक्तही पातळ झालेलं, म्हणून फिल्टर लावून पाणी काढत राहिले. दर दहा मिनिटांनी मी वेळ पुकारत होते. सरांनी दोन टाके जास्त घेतले. 41 मिनिटं झाली.

"सर, काढण्याआधी हॉट शॉट देऊ?" त्यांनी मान हलवून होकार दिला. लांबलेला उपास सोडताना आपल्याकडे आधी पेज देतात, जेवणाचं ताट नाही. हॉट शॉट तसाच: कोमट रक्त, कमी दाबानं, तीनेक मिनिटं, हृदय अजून शांत असतानाच. मग सर म्हणाले, "फ्लो डाऊन." मी फ्लो उतरवला. "क्लॅम्प ऑफ." आणि पुढे मी फ्लो एकदम न चढवता हळूहळू चढवला.

हृदय थरथरायला लागलं, ठोके काही लागेनात. 10 जूल. परत थरथर. 20 जूल. तिसऱ्या शॉकनंतर ठोके लागले, पण आकुंचन अगदी मंद होतं, जड. नवा रेसिडेंट ठोक्यांचा जोर वाढवायला कॅल्शियमची सिरिंज भरून तयार होता. मॅडम त्याला म्हणाल्या, "थांब रे. आत्ता कॅल्शियमच तर नकोय तिला. पंधरा मिनिटं जाऊ दे."

तेव्हा काहीच न करणं सगळ्यात अवघड होतं, आणि माझ्या मते तेच ऑपरेशनचं खरं काम होतं. व्हेंट, म्हणजे हृदयातलं रक्त ओढून घेणारी नळी, चालू ठेवून हृदय रिकामं ठेवलं, त्याला रक्त मिळू दिलं पण रक्त ढकलायचं ओझं दिलं नाही. ते माझ्या पंपानं वाहिलं. सर हात बांधून उभे होते. घाई कुणी केली नाही. पंचविसाव्या मिनिटाला डाव्या कप्प्याची भिंत आत खेचली जाताना दिसली, नीट, जोरात. मॅडमनी तोपर्यंत इकोवर झडप पुन्हा तपासली होती. गळती नव्हती.

उतरवायला मी अर्धा तास घेतला. पाऊण फ्लो, निम्मा, पाव. दाब 90 च्या खाली गेला नाही. "पंप ऑफ."

रक्त पुन्हा गोठू देणारं प्रोटामीन गेलं, छातीत तारा बसल्या, ड्रेन लागले. नळ्या काढल्यावरही मी सर्किट मोडलं नाही. पेशंटची ट्रॉली आयसीयूत पोहोचल्याचा फोन येईपर्यंत भरलेल्या मशीनजवळच बसून राहिले.