थंडीपुरतं घर : मालवणातले दोन महिने

नाशिकला डिसेंबर लागला की ह्यांचा दमा डोकं वर काढायचा. गेली सहा वर्षं हेच चाललंय. निफाडला पारा घसरल्याची बातमी पेपरात आली, की आमच्याकडे रात्री दोन उश्यांना टेकून बसणं, वाफारे, पंप, आणि पहाटेपर्यंत मी जागी. डॉक्टर म्हणाले होते, दोन महिने ह्या थंडीतून बाहेर काढा ह्यांना. पुण्याला मुलीकडे जाऊन बघितलं, तिथेही तीच थंडी. शेवटी गेल्या हिवाळ्यात १० डिसेंबरला निघालो आणि ९ फेब्रुवारीपर्यंत मालवणात राहिलो. हे ७१ वर्षांचे, मी ६६. त्या दोन महिन्यांत रात्री उठून पंप घ्यायची वेळ ह्यांच्यावर तीनदाच आली. प्रत्येकाला असाच गुण येईल असं नाही, दमट हवा काहींना सोसत नाही, तेव्हा आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. पण आमच्यासारखी बरीच जोडपी असतील, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

नाशिकहून ठाण्यापर्यंत एसटीने गेलो. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीनंतर मोफत, आणि बायकांना तर वयाची अटच नाही, सगळ्यांनाच अर्धं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० पासून बंद आहे. तरी आरक्षण करताना ज्येष्ठ नागरिकांचा कोटा निवडा, म्हणजे खालचा बर्थ मिळायची शक्यता वाढते. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं आणि कोकणच्या गाड्या भराभर भरतात, त्यामुळे त्या दिवशी सकाळीच बसा. आम्ही तुतारी एक्सप्रेसने गेलो. ती दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. म्हणजे १० तारखेच्या रात्री निघायचं तर तिकीट ११ तारखेचं हवं. ठाण्याच्या फलाटावर एक वयस्कर जोडपं आदल्या तारखेचं तिकीट घेऊन उभं होतं. त्यांची गाडी २४ तास आधीच गेली होती. त्यांचे चेहरे बघवत नव्हते.

उतरायचं कुडाळला. तिथून मालवण ३० किलोमीटरच्या आत. एसटी आहे, पण सामान असेल तर रिक्षाच बरी. वाटेत धामापूरचा तलाव लागतो. सन १५३० मधला, अजून पाण्याने भरलेला, काठावर भगवतीचं देऊळ. जातानाच दहा मिनिटं थांबा.

आता घराबद्दल, कारण आमचं चुकलं ते इथेच. फोटो बघून फोनवर खोली ठरवली. समुद्र अगदी समोर, पण खोली वरच्या मजल्यावर, आणि जिना बाहेरून, लोखंडी, अरुंद. ह्यांना दोनदा वर-खाली केलं की धाप लागायची. त्यातून २० डिसेंबरला मालकांचा निरोप आला : २४ तारखेपासून १ जानेवारीपर्यंत तिप्पट भाडं द्या, नाहीतर खोली रिकामी करा. नाताळात पर्यटकांची रीघ लागते, हे मला समजतं. पण दोन महिन्यांचं बोलणं झालं होतं आणि आगाऊ पैसेही दिले होते. लेखी काही नव्हतं, त्यामुळे बोलायला जागा उरली नाही. त्या वयात, परगावी, बॅगा भरताना मला फार वाईट वाटलं. तुम्ही जाल तेव्हा तारखा आणि भाडं कागदावर, निदान व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या, आणि नाताळचा आठवडा त्यात धरलाय का ते स्पष्ट विचारा. त्याहून सोपं म्हणजे ५ जानेवारीनंतरच जा.

नवं घर आमच्या रिक्षावाल्या दादांनीच दाखवलं. धुरीवाड्यात, समुद्रापासून जरा आत, चिवल्याच्या किनाऱ्याला पायी दहा मिनिटं. चिऱ्याचं कौलारू घर, पुढे पडवी, शेणाने सारवलेलं खळं (अंगण), सहा-सात माड. मागच्या दोन खोल्या, गॅस आणि फ्रिज मिळून महिन्याला १५ हजार. मालकीणबाई, म्हणजे आमच्या काकी, सत्तरीच्या. त्यांनी आधी विहिरीचं पाणी पेल्यात घालून पुढे केलं. "पयला पाणी चाखून बगा, मगे घर बगा." किनाऱ्याला लागून असलेल्या काही विहिरींचं पाणी मचूळ लागतं, डाळ नीट शिजत नाही, म्हणून त्यांचं हे पहिलं. मीसुद्धा आता तेच सांगते : आधी पाणी चाखा, मग न्हाणीघर बघा (कमोड आहे का, लादी निसरडी आहे का), मग पायऱ्या मोजा. समुद्र दिसतो का हे सगळ्यात शेवटी. तो कुठे जात नाही.

हवा कशी असते? पहाटे पारा विशीच्या आसपास. एक शाल पुरते. दुपारी बत्तीस-तेहतीसपर्यंत चढतो आणि घाम येतो, तेव्हा सुती कपडेच न्या. ११ ते ४ आम्ही घराबाहेर पडत नव्हतो. संध्याकाळी माडांत डास फार, मच्छरदाणी हवीच. औषधं मात्र पूर्ण दोन महिन्यांची घेऊन जा. ह्यांचा पंप जानेवारीत संपला, त्याच कंपनीचा मालवणात मिळेना, कुडाळहून यायला तीन दिवस गेले. ते तीन दिवस मी फार काळजीत काढले. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला. मोठं काही झालं तर इथली माणसं गोव्याला बांबोळीला नेतात. हे सगळे फोन नंबर आणि रात्री येणाऱ्या रिक्षावाल्याचा नंबर पहिल्याच दिवशी कागदावर लिहून भिंतीला लावा.

आमचा दिवस रापणीने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीने सुरू व्हायचा. रापण रोज नसते, पण असली की काकी खिडकीवर टकटक करायच्या. होडी जाळं सोडत समुद्रात मोठी कमान घेऊन परत किनाऱ्याला येते, आणि मग जाळ्याचे दोन दोर दोन टोळ्या ओढायला लागतात. कमरेला दोर अडकवून एकेक पाऊल मागे, शेवटचा माणूस दोर सोडतो आणि पुढे जाऊन पुन्हा धरतो. बोलणं फार नाही. जाळं जवळ येतं तसं पाणी चमकायला लागतं, वर पक्ष्यांची गर्दी होते, आणि दोन्ही टोळ्या एकमेकींजवळ सरकतात. ह्यांनी पहिले चार दिवस नुसतं बघितलं. पाचव्या दिवशी चपला काढून शेवटून दुसरे उभे राहिले. मला धडधडत होतं, पण ते जमेल तेवढंच, थांबत थांबत ओढत होते. जाळं वर आल्यावर एका रापणकराने पेडव्यांची ओंजळ आमच्या पिशवीत घातली. हे पैसे काढायला लागले, तर तो म्हणाला, "हात लावलात मां? मगे ह्यो वाटो तुमचोच." ३४ वर्षं वीज मंडळात नोकरी केलेल्या माणसाचा चेहरा त्या दिवशी पगाराच्या पहिल्या दिवशी असावा तसा झाला होता.

मासे घ्यायचे तर संध्याकाळी बंदरावर, होड्या आल्या की. लिलावात आपलं काम नाही. बाजूला बायका वाटे मांडून बसतात, तिथे घ्या. बांगड्याचं तिखलं काकींनी शिकवलं. तिरफळं फोडून आतली काळी बी टाकून द्यायची, टरफलं जराशी चेचायची आणि अगदी शेवटी घालायची. आधी घातली तर कडवट होतात. खाताना ती ताटाच्या कडेला काढून ठेवायची. शाकाहारी लोकांचंही अडत नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी कुळथाची पिठी आणि लाल माठ, रात्री घावणे. पेजेने ह्यांचं पोट जितकं बरं राहिलं तितकं कशानेच राहिलं नव्हतं.

सिंधुदुर्ग बघायचाच. १६६४ साली कुरटे बेटावर महाराजांनी बांधायला घेतलेला किल्ला, तीन वर्षांत पुरा झाला. चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा, शिवराजेश्वराचं देऊळ, आणि चहूकडे खारं पाणी असताना आतल्या विहिरींना गोडं पाणी. मी दूधबावीचं पाणी डोळ्यांना लावलं. होडीत चढता-उतरताना हिंदकळतं, तिथे खलाशाचा हात धरा, संकोच करू नका. सकाळच्या पहिल्या होड्यांत गर्दी कमी असते. तटावरच्या पायऱ्यांना कठडा नाही, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

आणि एक रात्र दशावतारासाठी राखून ठेवा. हिवाळाभर गावोगावच्या देवळांच्या जत्रा असतात, काकींना विचारलं की आज कुठे ते कळतं. आम्ही रिक्षाने गेलो, जाजम आणि शाल बरोबर नेली. सगळी पात्रं पुरुषच करतात, संकासुर येतो तेव्हा पोरं आईच्या पदरात शिरतात. पहाटेपर्यंत बसणं आम्हाला जमलं नाही, दोन वाजता निघालो. निघताना गुळात घोळवलेलं, आल्याचा स्वाद असलेलं खाजं घ्या. ते नाशिकला पोचेपर्यंत टिकतं.

आंगणेवाडीची जत्रा मात्र राहिली. तिची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, आधीपासून आखता येत नाही. त्या दिवसांत रस्ते आणि गाड्या दोन्ही भरलेले असतात, तेव्हा परतीचं तिकीट काढायच्या आधी चौकशी करा.

पुढच्या वर्षी ६ जानेवारीपासून तेच घर ठरवलंय, कागदावर लिहून, काकींची सही घेऊन. मच्छरदाणी आणि कुकर त्यांच्या माळ्यावर ठेवून आलोय.