‘ओल्या’वर खाली

स्मरणिकेचं पत्र आलं आणि शाळेच्या आधी बाईच आठवल्या. मराठीच्या बाई म्हटलं की आपल्या काळच्या सगळ्यांना कळतं कोण ते. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

नववीच्या स्नेहसंमेलनात बाईंनी मर्ढेकरांची पिपातल्या उंदरांची कविता घेतली. १९४७च्या संग्रहातली ही कविता गायची नव्हती, नुसती वाचायची होती, मागे तबला ठेवून. तबल्यावर मी, कारण वर्गात दुसऱ्या कुणाला ठेका येत नव्हता.

तालमीत बाईंनी ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ या पहिल्या ओळीच्या मात्रा फळ्यावर मांडल्या. वृत्त पादाकुलक, १६ मात्रा. तीनतालाच्याही १६च. ओळीत शब्द चार, प्रत्येक शब्द चार मात्रांचा, म्हणजे तालाच्या एकेका विभागात एकेक शब्द नेमका बसतो. खाली, म्हणजे जिथून डग्ग्याची, तबल्याच्या जोडीतल्या डाव्याची, घुम बंद होते ती जागा (बाकीची भरी), नवव्या मात्रेवर, आणि तिथं शब्द येतो ‘ओल्या’.

“तिथून तुझा डग्गा घुमायला नको,” बाई म्हणाल्या. “ओलं लाकूड वाजतं का रे?”

संमेलनात मी असा घाबरलो की खाली-भरी काही उरलंच नाही, डग्गा घुमवतच सुटलो. बाई थांबल्या नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. आवाज मात्र एकेका ओळीला खाली आणत गेल्या. शेवटी त्यांचे शब्द मलाच ऐकू येईनात, तेव्हा हात आपोआप आवरला. टाळ्या बेताच्याच पडल्या. त्या कवितेला आणखी किती पडणार!

आज मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे. कवितावाचनं बरीच मुद्रित केली. इंग्रज कवयित्री ईडिथ सिटवेलच्या कविता आणि मागे संगीतकार विल्यम वॉल्टनचं संगीत हा प्रकारही या कामामुळेच कानावर आला. १९२३ साली लंडनमधल्या जाहीर प्रयोगात सिटवेलनं पडद्याआडून भोंग्यातून कविता वाचल्या होत्या. सॅक्सोफोन, ट्रंपेट यांच्या गलबल्यात शब्द तगवायचे तर भोंगा लागणारच. आपल्या बाईंनी उलटं केलं. वाद्यालाच कान द्यायला लावला.

हल्ली कवितेत उंदीर मरो की माणूस, मागे तीच बासरी, तोच कीबोर्डचा लांबलचक सूर. श्वास घ्यायला वाचणारा थांबला की तेवढ्यात बासरी घुसते. लोकांना ते आवडतं, म्हणून मीही लावतो.

मध्यंतरी बाईंशी फोनवर बोललो. “खालीला डग्गा बंद होतो का आता?”

“होतो, बाई.”

बासरीचं काही बोललो नाही.