तुमच्याकडे कोण कोणापासून वेगळं आहे?

जुलै 2019. स्वेटरवर शाल गुंडाळूनही दात वाजत होते. निघताना आईने बॅगेत शाल कोंबली तेव्हा मी तिला हसले होते. आफ्रिका म्हणजे ऊन, एवढाच माझा भूगोल. दक्षिण आफ्रिकेत जुलैत ऐन हिवाळा असतो, हे बेला-बेलाला उतरल्यावर हाडांना कळलं. गाव प्रिटोरियाच्या उत्तरेला, साधारण 100 किलोमीटरवर. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. सेत्स्वाना भाषेत नावातच 'उकळणं' आहे. आपल्या उन्हवऱ्याची लांबची बहीण म्हणा ना.

मी कॉलेजच्या मुलांमध्ये काम करते. बायबल अभ्यास, शिबिरं, आणि बराचसा वेळ टपरीवर चहा पीत त्यांची गाऱ्हाणी ऐकणं. आमची यूईएसआय, म्हणजे भारतातली ख्रिस्ती विद्यार्थ्यांची संघटना, 1954 ची. ती ज्या जागतिक परिवारात आहे तो आयएफईएस 1947 साली 10 देशांच्या विद्यार्थी संघटनांनी मिळून उभा केला. आज त्याचं काम दीडशेहून जास्त देशांत चालतं. दर 4 वर्षांनी सगळे एकत्र जमतात. त्या वर्षी बेला-बेलाला जमलो, तेव्हा महासचिव होते चाडचे डॅनिएल बूर्दाने. प्राणिशास्त्रातले डॉक्टरेट, आणि अभ्यासाचा विषय काय, तर पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीवर चढतो तो वाणी किडा! मला हे फार आवडलं. इतक्या पायांचा संसार अभ्यासलेला माणूसच इतक्या देशांना एका दिशेने चालवू शकेल, असं आमच्यातल्या एकाने म्हटलंही.

मोठ्या सभागृहातलं फारसं सांगत नाही. कानाला यंत्र, इंग्रजी-फ्रेंच-स्पॅनिश अनुवाद, भाषणं, ठराव. लक्षात राहिला तो आमचा लहान गट. आम्ही सातजण, सात भाषा. संध्याकाळी जेवणाआधी गटाने करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा पाचवा अध्याय वाचायला घेतला, ज्याने त्याने आपापल्या भाषेत. माझ्या वाट्याला अठरावं वचन आलं. मी 'समेटाची सेवा' असं वाचलं आणि समजावून सांगताना म्हटलं, आमच्याकडे हा शब्द गावच्या भांडणातही वापरतात. बांधावरून वाद झाला की चार माणसं बसून समेट घडवतात.

गटात यजमान देशाचे एक आजोबा होते, सत्तरीच्या आसपासचे. तिथे हा शब्द कोरा नाही. 1996 पासून आर्चबिशप डेझमंड टुटूंच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि समेट आयोगासमोर माणसं येऊन वर्णभेदाच्या काळातलं काय काय सांगून गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबा मात्र आयोगाबद्दल बोललेच नाहीत. त्यांनी विद्यार्थ्यांच्या संघटनेबद्दल सांगितलं. ती त्यांच्या देशात 1896 पासून होती आणि 1965 मध्ये वर्णाप्रमाणे तुटली. गोरे वेगळे, काळे वेगळे, मिश्रवर्णीय वेगळे. आजोबा तेव्हा शाळकरी.

"पण ती फूट कागदावरची," ते म्हणाले. "शिबिरं आमची त्याआधीही वेगळीच व्हायची. नव्वदच्या दशकात पुन्हा एक झालो, तेही आधी कागदावर. मग गाणी कोणत्या भाषेत म्हणायची आणि स्वयंपाक कोणी करायचा, यात वर्षं गेली."

मग माझ्याकडे वळून त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे कोण कोणापासून वेगळं आहे?"

मी म्हटलं, "समाजात आहे. ख्रिस्ती मंडळीत आम्ही एकच."

उत्तर तोंडातून इतकं सफाईने आलं की मलाच दचकायला झालं. आजोबांनी मान हलवली, चहाचा घोट घेतला, विषय पुढे सरकला.

रात्री झोप येईना. चार महिन्यांपूर्वी भारतातल्या आमच्या गटातल्या एका मुलाचं जमत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलगी ख्रिस्ती, मुलगा ख्रिस्ती, दोघांचे आईवडील दर रविवारी उपासनेला. अडलं कुठे, तर 'पूर्वाश्रमीची' जात. हा शब्द आपल्याकडे किती सभ्य वाटतो! तीन पिढ्यांपूर्वी बाप्तिस्मा झालेल्या घरात आश्रम कसला आणि पूर्व कुठली? पण स्थळ आलं की पणजोबा कोण होते ते आधी विचारतात. तो मुलगा मला म्हणाला होता, "ताई, तुम्ही एकदा त्यांच्याशी बोला ना." मी बोलले नाही. घरचा मामला, आपण कशाला पडा, असं स्वतःला समजावलं होतं. खरं कारण वेगळं होतं. मुलीचे वडील आमच्या शिबिरांना मदत करायचे.

दुसऱ्या दिवशी गट जमला तेव्हा मीच सुरुवात केली. काल मी चुकीचं सांगितलं, म्हटलं, आणि लग्नाची गोष्ट सांगितली. मदतीचा भागही सांगितला. तो सांगताना घसा कोरडा पडला. केनियाच्या मुलीने विचारलं, "जात म्हणजे टोळी?" नाही. "मग कातडीचा रंग?" तोही नाही. पेरूच्या मुलाला वाटलं गरीब-श्रीमंतीचा मामला असेल. इंग्रजीत शब्द सापडत नव्हते आणि मराठीत ते कधी मोठ्याने बोलावे लागले नव्हते. आजोबा एवढंच म्हणाले, "त्या मुलाला इथून फोन लागतो का?"

लागत होता. भारतात तेव्हा दुपार झाली होती. पाचव्या रिंगला त्याने उचलला आणि पहिलंच वाक्य बोलला, "ताई, तिकडे थंडी आहे का?"