विद्यार्थी मंडळातलं माझं वर्ष आणि आमचं स्कॉलरशिपचं टेबल

विद्यार्थी मंडळ म्हटलं की सगळ्यांना फेस्टच आठवतो, डीजे, टीशर्ट, स्पॉन्सरचे बॅनर वगैरे. ते सगळं आम्हीही केलं आणि मनापासून केलं, पण मला कुणी विचारलं की सेक्रेटरी असताना नक्की काय केलंस तर मी आधी स्कॉलरशिपच्या टेबलाबद्दल सांगते, म्हणजे जिथे बसून आम्ही मुलांना स्कॉलरशिपचे फॉर्म भरायला मदत करायचो. ज्युनिअर मुलं अजूनही मेसेज करून विचारतात की ताई हे सुरू कसं करायचं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

आमचं कॉलेज ठाण्यातलं, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुका १९९४ च्या कायद्यापासून बंद झाल्या, २०१६ च्या नव्या कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद परत आली, पण आमच्या वेळी आमच्याकडे जुन्या पद्धतीनेच मंडळ बसलं. म्हणजे वर्गात मार्कांनी पहिला तो सीआर (वर्गप्रतिनिधी), मग एनएसएस, एनसीसी, स्पोर्ट्स, कल्चरलचा एकेक जण, दोन मुली नेमलेल्या, आणि यांनीच आपल्यातून सेक्रेटरी निवडायचा. मी टीवाय बीकॉमची सीआर होते, तिथून सेक्रेटरी झाले. माझं स्पष्ट मत आहे की निवडणूक व्हायला हवी, कारण मत मागायला वर्गावर्गात गेलं की मुलं आपल्या अडचणी तोंडावर सांगतात, आणि मार्कांवर निवडून आलं की त्या आपल्याला शोधत जाव्या लागतात.

तर आम्ही शोधल्या. पहिल्याच मीटिंगमध्ये मी सगळ्या सीआरना सांगितलं की फेस्टचं नंतर बोलू, आधी आपापल्या वर्गात विचारून या की मुलांना सगळ्यात जास्त काय जड जातंय. लोकलचा पास, कँटीनचे रेट, अटेंडन्स हे सगळं आलंच, पण जवळजवळ प्रत्येक वर्गातून एक गोष्ट आली ती म्हणजे महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवरचा फॉर्म. आमच्याकडे कळवा, मुंब्रा, दिव्याची मुलं भरपूर, ट्रान्स हार्बरने ऐरोली, रबाळ्याकडून येणारी आहेत, आणि शहापूर, आसनगाव, मुरबाडकडून पहाटेची गाडी पकडून येणारीही आहेत. यातली कितीतरी मुलं स्कॉलरशिपला पात्र असून फॉर्मच भरत नव्हती, किंवा भरून अर्धवट सोडत होती, किंवा सायबर कॅफेवाल्याला पैसे देऊन भरून घेत होती आणि मग तो फॉर्म सेंड बॅक, म्हणजे दुरुस्तीसाठी परत आला की कुणाला कळतही नव्हतं कारण लॉगिन कॅफेवाल्याकडेच.

प्राचार्यांच्या नावाने अर्ज लिहिला, विद्यार्थी विकासचं काम बघणाऱ्या मॅडमची सही घेतली आणि ऑफिसमध्ये गेलो. स्कॉलरशिपचं काम बघणारे काका आधी तयारच नव्हते, त्यांचं म्हणणं की तुम्ही मुलं फॉर्म भरणार, उद्या चुकलं की पालक माझ्याकडे येणार. त्यांचं चूक नव्हतं, हजारभर मुलांचे फॉर्म एकटा माणूस तपासतो. शेवटी असं ठरलं की आम्ही फॉर्म भरायचा नाही, मुलाने स्वतःच्या हाताने भरायचा, आम्ही फक्त शेजारी बसायचं. पासवर्ड त्याने स्वतः टाकायचा, कागदाचा फोटो आमच्या फोनमध्ये घ्यायचा नाही. ही अट ऑफिसची होती पण मला ती इतकी पटली की पुढे मी ती टेबलावर मोठ्या अक्षरात लिहून लावली. दुसऱ्याचं आधार आणि जातीचा दाखला हाताळताना इतकं तरी पाळलंच पाहिजे.

टेबल आधी मिळालं लायब्ररीच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पहिले काही दिवस फारसं कुणी आलंच नाही. आम्हाला वाटलं प्रचार कमी पडला, म्हणून अजून पोस्टर लावले. मग एफवायच्या एका मुलाने बाजूला घेऊन सांगितलं की ताई तिथे उभं राहिलं की सगळ्या कॉलेजला कळतं मी कुठल्या कॅटेगरीचा, वर्गातली मुलं नंतर बोलतात. हे ऐकून मला फार लागलं. जे सरकारने हक्काचं म्हणून ठेवलंय ते मागायला मुलाला आडोसा शोधावा लागतो. मॅडमना सांगितलं, त्यांनी दुसऱ्या मजल्यावरची एक रिकामी वर्गखोली दुपारी देऊन टाकली. आणि आम्ही नाव बदललं, 'सर्व शिष्यवृत्ती मदत'. त्यात भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची) आली, जिला एससी मुलांसाठी उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख आहे, आणि ओपनच्या मुलांना चालणारी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीही आली, जिला ८ लाख. ८ लाखांच्या आत तर अर्ध्याहून जास्त वर्ग बसतो. मग काय, सगळेच यायला लागले, नौपाड्याचा मुलगा आणि मुंब्र्याची मुलगी एकाच बाकावर बसून फाइल २५६ केबीच्या आत कशी आणायची ते एकमेकांना दाखवतायत. हा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, बाकी सगळं तांत्रिक आहे.

पण तांत्रिकही सांगते, कारण अडतं तिथेच.

पहिलं ओटीपी. आधारला लिंक असलेला नंबर बऱ्याच मुलांचा स्वतःचा नसतोच, वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा असतो. एका मुलीचे बाबा भिवंडीच्या गोडाऊनमध्ये लोडिंगला, कामावर फोन बाहेर जमा. तिने घरी सांगून ठेवलं, बाबा जेवणाच्या सुट्टीत गेटवर येऊन फोन घेणार, आणि आम्ही बरोबर त्याच वेळी लॅपटॉप उघडून बसायचं. फोन लागला, तिने सेंड ओटीपी दाबलं, पलीकडून बाबा एकेक आकडा सावकाश वाचतायत, चार म्हणजे चारच ना गं, आणि ही टाईप करतेय. झालं लॉगिन. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाबा पलीकडून विचारतायत काय झालं काय झालं. त्यानंतर आम्ही सगळ्यांना पहिलं वाक्य हेच सांगायचो की आधार केंद्रावर जाऊन आधी स्वतःचा नंबर लावून घ्या.

दुसरं बँक. मुलं म्हणतात माझं आधार बँकेला लिंक आहे, आणि ते खरंही असतं, पण पैसे येतात ते एनपीसीआयच्या (बँकांचे पेमेंट सांभाळणाऱ्या संस्थेच्या) मॅपरवर, म्हणजे आधारला कुठली बँक जोडलीय त्या यादीत, जी बँक सीड (नोंदलेली) आहे तिथे, आणि तिथे एका वेळी एकच बँक असते, शेवटची सीड केलेली. एका मुलाने स्कॉलरशिपसाठी म्हणून नवीन खातं काढलं, पासबुक घेऊन आला, आणि माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं तर निघालं गावाकडचं शाळेत असतानाचं खातं, ज्याचं पासबुकही आता घरात नाही. हे आधी कळलं म्हणून बरं, नव्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून त्याने बदलून घेतलं. फॉर्म भरायच्या आधी हे स्टेटस बघायला एक मिनिट लागतं, प्लीज बघा.

तिसरं आणि सगळ्यात अवघड, जातीचा दाखला. ठाण्यात जन्मलेल्या मुलाला वाटतं ठाण्याच्या तहसीलमधून मिळेल, पण कायद्याने तो कुटुंब मानीव दिनांकाला, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवलेल्या जुन्या तारखेला, जिथे राहत होतं तिथून निघतो. एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आज एकोणीस वर्षांच्या मुलाने १९६७ च्या आधीचा, आजोबांचा किंवा पणजोबांचा पुरावा आणायचा. कळव्याचा एक मुलगा होता, मूळ गाव चिपळूणकडचं, आजोबा गिरणीत कामाला मुंबईत आले ते इथलेच झाले, घरात कागद असा काहीच नाही. मी त्याला म्हटलं आजोबा शाळेत गेले होते का ते घरी विचार. गेले होते, चौथीपर्यंत. गणपतीला गावी गेला तेव्हा सुट्टी लागायच्या आधी दोन दिवस पोचला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत गेला, तिथल्या बाईंनी जुनी जनरल रजिस्टरं काढून दिली, आणि मोडीसारख्या दिसणाऱ्या वळणदार अक्षरात आजोबांचं नाव, जन्मतारीख आणि जात सापडली. त्याने तो उतारा आणून आम्हाला दाखवला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, म्हणाला आजोबांची सहीच नाही कुठे घरात, पण शाळेत नाव आहे. त्या वर्षी त्याचा दाखला वेळेत झाला नाही, पुढच्या वर्षी झाला. काही गोष्टींना तेवढा वेळ लागतोच, म्हणून एफवायच्या पहिल्या आठवड्यात हे सांगायला हवं.

२०२४-२५ पासून मुलींना फी माफ झाली हे सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे बीकॉमच्या कितीतरी मुली आनंदाने आल्या. त्यांना समजावून सांगणं हे कठीण काम होतं, की ती माफी व्यावसायिक कोर्ससाठी आहे, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. पण आलीच आहेस तर बस, तुला दुसरं काय मिळतं बघू, असं म्हणून आम्ही कुणाला रिकामं पाठवलं नाही.

बाकी वर्षात युथ फेस्टिवलची ठाणे झोनची फेरी झाली, एकांकिकेवाल्यांच्या तालमी रात्रीपर्यंत चालायच्या, आणि एनएसएसबरोबर रक्तदान शिबिर केलं. त्याचं एकच सांगते. रक्तदानाला हिमोग्लोबिन १२.५ लागतं आणि रांगेत उत्साहाने उभ्या राहिलेल्या मुलींपैकी खूप जणी तिथेच परत गेल्या. कुणाचं दहा, कुणाचं साडेनऊ, आणि यांना माहीतच नाही, रोज दिवा ते ठाणे लटकत येतात आणि थकवा गर्दीचा समजतात. आम्ही लगेच त्या मुलींसाठी डॉक्टर मॅडमचं वेगळं सेशन ठेवलं आणि मला वाटतं शिबिराइतकंच ते कामाचं झालं.

फेस्टच्या बजेटवरून मंडळात वाद झाले हेही खरं. काही जणांचं म्हणणं होतं की सगळे सीनिअर खोलीत फॉर्मच भरत बसले तर स्पॉन्सर कोण आणणार. मी म्हटलं स्टेजवर पन्नास जण येतात, खोलीत कुणीही येऊ शकतं, तर माणसं दोन्हीकडे वाटून घेऊ. शेवटी कल्चरलच्याच दोघी टेबलावर सगळ्यात जास्त बसल्या, कारण त्यांच्या नाटकातल्या मुलाचा फॉर्म अडला होता.

आता ज्यांना आपल्या कॉलेजमध्ये हे सुरू करायचंय त्यांच्यासाठी. जूनमध्येच सुरू करा, पोर्टल उघडायची वाट बघू नका, कारण बारावीचा रिझल्ट लागला की उत्पन्नाच्या दाखल्याला सेतूत रांग लागते. मुदतवाढ मिळेल या भरवशावर तर कुणालाच ठेवू नका. ऑफिसच्या काकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, आमचे काका शेवटी स्वतः वर येऊन सेंड बॅकची यादी द्यायला लागले होते. एक वही ठेवा, त्यात नाव, वर्ग आणि काय अडलंय एवढंच लिहा, जात लिहू नका. आणि डिसेंबरनंतर टेबल बंद करू नका, कारण सेंड बॅक तेव्हाच येतात आणि मुलं तोपर्यंत लॉगिन करून बघणं सोडून देतात. आमची वही मी एसवायच्या मुलींकडे दिली, त्या आता मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बसतात. कुणाला बघायला यायचं असेल तर मला कळवा, मी त्यांना विचारून वेळ सांगते. येताना तुमच्या ऑफिसमधलं स्कॉलरशिपचं काम बघणारं कुणी बरोबर आणलंत तर अजून चांगलं.